पहिल्या पिढीच्या कमॅरोला मागे रुंद टायर बसवताना: मोजणीपासून शेवटच्या नटापर्यंत

१९६७ ते १९६९ या तीन मॉडेल-वर्षांतली शेव्हरोले कमॅरो घरी आली की बहुतेक नव्या मालकांची नजर आधी मागच्या चाकांवर जाते. पुढे व्ही-८ इंजिन, मागे एवढे भरदार खांदे, आणि त्यांच्याखाली कारखान्यातून आलेली पाच ते सात इंची रिम. मडगार्डच्या आत हात घातला तर जागाही भरपूर वाटते.

मग विचारपूस सुरू होते आणि दहा जण दहा मापं सांगतात. कुणी म्हणतं २५५ (म्हणजे २५५ मिलिमीटर रुंदीचा टायर) आरामात बसतो, कुणी २७५ ची खात्री देतं, कुणी बजावतं की पत्रा ठोकल्याशिवाय २४५ च्या पुढे जाऊच नका. हे सगळे खरंच बोलत असतात, कारण प्रत्येक जण आपापल्या गाडीबद्दल बोलत असतो. पन्नासहून जास्त वर्षांच्या वापरानंतर मागून तंतोतंत सारख्या अशा दोन कमॅरो सापडणं कठीण. एकीचा बाजूचा पत्रा बदललेला असतो, दुसरीचा आस (ॲक्सल) भलत्याच गाडीचा असतो, तिसरीचे स्प्रिंगचे पाटे दबलेले असतात. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मोजणीला दिली आहे. मी मिशिगनमध्ये राहतो आणि माझ्या १९६९ च्या गाडीवर हे काम मी स्वतः केलं आहे. नव्याने या गाड्यांकडे वळलेल्या कुणाचेही पैसे चुकीच्या रिमवर जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

काय काय लागेल

हत्यारं आणि साहित्य:

- ट्रॉली जॅक, चार जॅक स्टँड आणि पुढच्या चाकांना लावायला लाकडी ठोकळे
- तीन फुटी सरळ लोखंडी पट्टी, गुण्या, ओळंबा
- इंच आणि मिलिमीटर दोन्ही असलेली टेप
- टॉर्क पाना
- तारेचा ब्रश, खडू, मास्किंग टेप, जाड पुठ्ठा
- वही. फोनमध्ये लिहू नका, तेलकट हातांनी ते जमत नाही.

कागद:

- गाडीचं टायटल (मालकीचा कागद) आणि विम्याची पॉलिसी
- रिम विकणाऱ्याच्या परतीच्या अटी, लेखी स्वरूपात
- निवडलेल्या टायरचा कंपनीने दिलेला तक्ता. त्यात प्रत्यक्ष रुंदी, एकूण व्यास आणि चालणाऱ्या रिमची रुंदी हे तीन आकडे असतात.

खाली मोकळी जागा मी सुतांत सांगितली आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

१. आज गाडीवर काय आहे ते लिहून काढा

सध्याच्या टायरचं माप, रिमची रुंदी आणि रिमवर ठोकलेला कोड लिहून घ्या. कारखान्याच्या ‘रॅली’ नावाच्या स्टील रिमवर हा कोड व्हॉल्व्हच्या भोकाजवळ असतो. रिमची सांगितली जाणारी रुंदी टायर जिथे बसतो त्या दोन कडांच्या आतली असते. बाहेरून बाहेर मोजलंत तर साधारण एक इंच जास्त भरेल. पुढच्या गणितात हा एक इंच महत्त्वाचा आहे.

कमॅरोचा बोल्ट पॅटर्न, म्हणजे स्टडची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास: पाच स्टड, पावणेपाच इंच, म्हणजे ५ × १२०.६५ मिलिमीटर. बाजारात ५ × १२० च्या रिम मुबलक मिळतात, अनेक बीएमडब्ल्यू गाड्यांना तेच माप आहे. हाताने दाबून बसवल्यावर त्या बसल्यासारख्या वाटतात. पण पाऊण मिलिमीटरही नसलेल्या या फरकाने नट तिरके बसतात, स्टडवर सतत ताण राहतो आणि एक दिवस स्टड तुटतो. कुणी कितीही सांगो, ५ × १२० घेऊ नका.

मूळ स्टड ७/१६ इंची असतात, इंचाला २० आटे. आधीच्या मालकाने ते बदलून अर्धा इंची घातले असतील तर नट वेगळे लागतील. आस मूळचा आहे का तेही पाहा. उजव्या बाजूच्या ॲक्सल-नळीवर पुढच्या अंगाला कोड ठोकलेला असतो, त्यावरून गिअरचं प्रमाण आणि पॉझिट्रॅक्शन (दोन्ही मागच्या चाकांना ताकद पोचवणारं डिफरन्शियल) आहे की नाही ते कळतं. मागे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवले असतील तर चाक टेकण्याची जागा बाहेर सरकलेली असू शकते. अशा गाडीला मूळ गाडीची मापं लागू पडत नाहीत.

पाट्यांची रबरी बुशं फाटलेली असतील तर आधी ती बदला. तीच गोष्ट दबलेल्या पाट्यांची. आज मोजाल आणि पुढच्या वर्षी पाटे बदलाल तर पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल.

२. किती रुंद हवं ते ठरवा

तुलनेसाठी लक्षात ठेवा: एसएस मॉडेलवर येणाऱ्या जुन्या एफ७०-१४ टायरचा व्यास सुमारे २६ इंच होता. १९६९ च्या झेड/२८ या मॉडेलला १५ × ७ ची रिम (१५ इंच व्यास, ७ इंच रुंदी) आणि ई७०-१५ टायर असत. आजच्या मापात, उदाहरणार्थ २३५/६०आर१५ मध्ये, २३५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि १५ हा रिमचा इंचांतला व्यास.

१५ × ७ रिमवर २३५/६०आर१५: व्यास २६.१ इंच. सहसा काहीही न करता बसतो. गाडी मूळ रूपाच्या जवळ राहते.

१५ × ८ रिमवर २५५/६०आर१५: व्यास २७ इंच. माझ्या मते रस्त्यावर चालवायच्या कमॅरोसाठी हेच सर्वोत्तम. मागची पोकळी नीट भरते, टायरची भिंत उंच राहते आणि गाडी तिच्या काळातली दिसते. एक मर्यादा मात्र आहे. या मापात मिळणारे पांढऱ्या अक्षरांचे बरेचसे टायर एस वेगश्रेणीचे, म्हणजे ताशी ११२ मैलांपर्यंतचे असतात. ट्रॅकवर जाणार असाल तर ते पुरणार नाहीत.

१७ × ९ रिमवर २७५/४०आर१७ किंवा १८ × ९.५ रिमवर २७५/३५आर१८: व्यास साडेपंचवीसच्या थोडा वर. अनेक गाड्यांत हे बसतात, पण बॅकस्पेस (रिमची आतली कड ते ड्रमला टेकणारा पृष्ठभाग हे अंतर) अचूक लागतो आणि बऱ्याचदा मडगार्डची कड वाकवावी लागते. चांगल्या पकडीचे आधुनिक टायर याच मापांत मिळतात.

३३५ बसवलेल्या गाड्यांचे फोटो पाहून भुलू नका. त्या गाड्यांत मिनी-टब केलेलं असतं, म्हणजे आतला पत्रा कापून पोकळी रुंद केलेली असते. ते वेल्डिंगचं मोठं काम आहे आणि एकदा कापलेली मूळ गाडी पुन्हा मूळ होत नाही.

३. मोजणी

या कामासाठी एक अख्खी सकाळ काढा. घाई असेल त्या दिवशी सुरूच करू नका.

जमिनीवरची उंची. गाडी सपाट काँक्रीटवर उभी करा, टाकी अर्धी भरलेली असू द्या. मागचं बंपर दोन-तीनदा दाबून सोडा म्हणजे पाटे आपल्या जागी येतील. आता चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर मोजा आणि दोन्ही बाजूंचं माप लिहा.

चाक काढणं. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. जॅक डिफरन्शियलखाली लावून गाडी उचला आणि स्टँड दोन्ही ॲक्सल-नळ्यांखाली ठेवा. स्टँड चेसिसखाली लावले तर आस खाली लोंबतो आणि सगळी मापं खोटी येतात. चाकं काढल्यावर मघाचं मध्य ते कड हे माप पुन्हा घ्या, ते जवळपास तेवढंच यायला हवं. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

आतलं माप. ड्रमच्या तोंडावर, म्हणजे जिथे रिम टेकते त्या पृष्ठभागावर, लोखंडी पट्टी उभी धरा. पट्टीपासून आतल्या बाजूला गुण्याने काटकोन साधत सगळ्यात जवळच्या अडथळ्यापर्यंत मोजा. अडथळा पाटा असेल, आतला पत्रा असेल, शॉक ॲब्सॉर्बर असेल किंवा एक्झॉस्टची नळी. १९६८ पासून एक शॉक ॲब्सॉर्बर आसाच्या पुढे आणि दुसरा मागे आहे, त्यामुळे डावी-उजवी बाजू सारखी नसते. टायरच्या उंचीचा विचार करा: २७ इंची टायर मध्यापासून साडेतेरा इंच वर, पुढे आणि मागे जाणार आहे. त्या सगळ्या घेरात अडथळे शोधा. हातब्रेकची केबल हमखास विसरली जाते. सगळ्यात लहान आकडा घ्या. त्याला आपण क म्हणू.

बाहेरचं माप. मडगार्डच्या कडेच्या आतल्या बाजूने ओळंबा सोडा. कड आत वळलेली असते, म्हणून दोरा वळलेल्या टोकावरून सोडायचा, बाहेरच्या पत्र्यावरून नाही. दोऱ्यापासून ड्रमच्या तोंडावरच्या पट्टीपर्यंतचं आडवं अंतर म्हणजे ख.

दुसरी बाजू. आता हेच सगळं दुसऱ्या बाजूला करा. अनेक जण इथेच थांबतात आणि एका बाजूच्या आकड्यांवर रिम मागवतात. या गाड्यांचा आस कारखान्यातूनही अगदी मधोमध नसे, त्यात जुने अपघात आणि बदललेले पत्रे. दोन-तीन सुतांचा फरक निघाला तर घाबरू नका, फक्त क आणि ख दोन्हींसाठी ज्या बाजूचा आकडा लहान तो धरा. फरक अर्ध्या इंचाहून जास्त असेल तर रिमचा विचार बाजूला ठेवून आधी पाटे, बुशं आणि पाट्यांचे यू-बोल्ट तपासा. आस तिरका बसलेला असू शकतो.

हालचालीत मोजणं. गाडी उभी असताना जागा असणं पुरेसं नाही. स्टँड हलवून गाडीच्या अंगाखाली, पाट्याच्या पुढच्या टोकाजवळच्या मजबूत भागावर लावा. मग जॅकने फक्त एका बाजूचा आस हळूहळू वर न्या, गाडी त्या बाजूच्या स्टँडवरून उठू लागेपर्यंत. एक चाक खड्ड्याच्या कडेवर चढतं तेव्हा हेच घडतं. आस तिरका होतो, टायरचा माथा कडेच्या दिशेने किंवा आतल्या पत्र्याकडे कलतो, आणि पाट्याच्या कमानीमुळे चाक थोडं पुढे-मागेही सरकतं. या स्थितीत क आणि ख पुन्हा मोजा. दुसऱ्या बाजूलाही मोजा.

टायरच्या व्यासाएवढी पुठ्ठ्याची चकती कापून ड्रमवर स्टडमध्ये अडकवली की पुढे-मागे आणि वरची जागा डोळ्यांना दिसते. काही दुकानं आणि क्लब मागेपुढे सरकवता येणारं मोजणीचं साधन भाड्याने देतात. मिळालं तर जरूर घ्या.

४. रिमचं गणित

खालचे आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. तुमचे आकडे तुम्हीच घाला.

समजा क सव्वासहा इंच आहे आणि ख साडेपाच इंच. दोन्ही बाजूंना चार-चार सूत मोकळी जागा सोडायची, कारण वळणावर रबरी बुशांमुळे आस आडवा सरकतो आणि टायरची भिंतही फुगते. म्हणजे आत ५.७५ आणि बाहेर ५ इंच, एकूण १०.७५ इंच रुंदीचा टायर मावेल.

आता टायर. २५५ म्हणजे २५५ मिलिमीटर, १० इंचांच्या जरा वर. पण ही रुंदी कंपनीने ठरावीक रिमवर मोजलेली असते. रिम अर्धा इंच रुंद केली की टायरही साधारण दीड सुताने, म्हणजे पाच मिलिमीटरने, रुंद होतो. ८ इंची रिमवर आपला टायर १०.४ इंच भरतो असं धरू. अर्धे ५.२ इंच.

८ इंची रिम बाहेरून बाहेर सुमारे ९ इंच असते, तिचा मध्य साडेचार इंचांवर. रिमच्या आतल्या कडेपासून ड्रमला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर म्हणजे बॅकस्पेस. बॅकस्पेस साडेचार असेल तर टायर ड्रमच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो: आत ५.२, बाहेर ५.२. आता मोकळी जागा पाहा. आत १.०५ इंच, ऐसपैस. बाहेर फक्त ०.३ इंच, जेमतेम अडीच सूत. ही गाडी पहिल्याच मोठ्या खड्ड्यात कडेला घासेल.

बॅकस्पेस पावणेपाच घेतला तर टायर दोन सूत आत सरकतो. आत ०.८ इंच उरतात, बाहेर ०.५५. दोन्हीकडे चार सुतांहून जास्त. पाच इंच घेतला तर आकडे उलटतात: आत ०.५५, बाहेर ०.८. दोन्ही चालतील. मी मात्र पाट्याच्या बाजूला जास्त जागा ठेवेन, कारण आत घासलं तर टायरची भिंत कापली जाते आणि ते बाहेरून दिसत नाही.

आता लक्षात येईल की त्याच रिमवर, त्याच टायरने, केवळ दोन सुतांच्या फरकाने एक गाडी घासते आणि दुसरी घासत नाही. दहा जण दहा मापं सांगतात ते यामुळेच.

विक्रेते कधी बॅकस्पेस इंचांत देतात, कधी ऑफसेट मिलिमीटरमध्ये. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यापासून टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर. ८ इंची रिमला पावणेपाच बॅकस्पेस म्हणजे मध्यापासून पाव इंच, अर्थात अधिक ६ मिलिमीटर ऑफसेट. रिमची रुंदी बदलली की तोच बॅकस्पेस वेगळा ऑफसेट देतो, त्यामुळे एकाच्या रिमचा आकडा दुसऱ्या रुंदीच्या रिमला लावू नका.

याच उदाहरणात २७५/६०आर१५ घालायचा मोह झाला तर? तो सुमारे ११ इंच रुंद आणि २८ इंच उंच. रुंदीतच बसत नाही, आणि उंचीने वरच्या पत्र्यालाही लागू शकतो. शेव्हेलसारख्या मोठ्या गाड्यांना शोभणारं हे माप कमॅरोला बळेच बसवू नका.

५. खरेदी, याच क्रमाने

आधी एकच रिम मागवा, टायरशिवाय. ती गाडीवर लावून हाताने फिरवा, आतल्या बाजूची जागा तपासा. मग एका रिमवर एक टायर चढवा आणि दोन्ही बाजूंना लावून पाहा. मगच उरलेलं. टायर चढवलेली रिम बहुतेक दुकानं परत घेत नाहीत, म्हणून परतीच्या अटी आधीच लेखी घ्यायच्या.

टायरच्या भिंतीवर डीओटी (अमेरिकी परिवहन खातं) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पंधरा इंची टायर दुकानात वर्षानुवर्षं पडून राहतात, स्वस्त मिळाला म्हणून पाच वर्षांपूर्वीचा घेऊ नका. वर्षाला जेमतेम हजार मैल चालणाऱ्या गाडीचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो, म्हणून तो घेतानाच जुना नको.

चारही टायर रेडियल असू द्या. मागे रुंद रेडियल आणि पुढे जुनेच आडव्या विणीचे टायर ठेवले तर गाडी बेभरवशाची होते. मागे २५५ असताना पुढे किमान २२५ किंवा २३५ हवेत. पुढचे फार अरुंद राहिले तर वळणावर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाऊ पाहते.

डेट्रॉइटच्या आसपास असाल तर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर भरणाऱ्या ड्रीम क्रूझला वही घेऊन जा. १९९५ पासून हा मेळा भरतो. मालक आनंदाने बोलतात. टायरच्या मापाबरोबर रिमची रुंदी, बॅकस्पेस, कड वाकवली का आणि आस मूळचा आहे का हे चारही विचारा. यातलं एक जरी माहीत नसेल तर तो आकडा वहीत घेऊ नका.

६. कड वाकवायची वेळ आली तर

गणितात बाहेरची जागा एक-दोन सुतांनीच कमी पडत असेल तर कडेचा आत वळलेला भाग वर दाबून जागा मिळवता येते. हबला बोल्टने लावायचं रोलर असलेलं हत्यार यासाठी भाड्याने मिळतं. हीट गनने रंग आधी चांगला गरम करा आणि अनेक फेऱ्यांत थोडं थोडं दाबा. थंड रंग तडकतो.

ही कड बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा यांचा स्पॉट वेल्ड केलेला जोड असते. ग्राइंडरने ती कापून टाकली तर जोड सुटतो, पाणी आत शिरतं आणि मिशिगनसारख्या मिठाच्या रस्त्यांच्या राज्यात दोन हिवाळ्यांत पत्रा गंजतो. हातोडा मारूनही वाकवू नका. आधी कुणीतरी पुट्टी भरून ठेवलेली असेल तर ती दणक्याने निखळते. चुंबक फिरवून पाहा. चुंबक चिकटत नसेल तर खाली पुट्टी आहे, मग हे काम बॉडी शॉपकडे द्या.

सत्तरच्या दशकात रुंद टायर घासू नयेत म्हणून हवेचे शॉक किंवा लांब शॅकल (पाट्याचं मागचं टोक गाडीला जोडणारी कडी) लावून मागचा भाग उचलत. आजही तसा सल्ला मिळतो. कृपया ऐकू नका. हवा उतरली की टायर कडेला भिडतो, आणि लांब शॅकलमुळे आस आणखी आडवा डोलतो.

स्पेसरबद्दलही, म्हणजे रिम आणि ड्रम यांच्यामध्ये घालायच्या चकतीबद्दलही, हेच सांगेन. स्टडवर नुसता सरकवलेला जाड स्पेसर नटाला मिळणारे आटे कमी करतो. मोजणी करून योग्य बॅकस्पेसची रिम घेतली असेल तर त्याची गरजच पडत नाही.

७. चाक चढवणं

ड्रमच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा. स्टडवर पातळ पत्र्याच्या गोल क्लिपा दिसल्या तर काढून टाका. कारखान्यात गाडी जोडताना ड्रम पडू नये म्हणून त्या लावत. जुन्या स्टील रिमच्या मागे त्यांच्यासाठी जागा असायची, नव्या ॲल्युमिनियमच्या रिमला बहुधा नसते. क्लिप राहिली तर रिम सपाट टेकत नाही आणि नट कितीही आवळला तरी ढिला पडतो.

नटाची बैठक रिमला जुळायला हवी. बहुतेक नव्या रिमना ६० अंशांची निमुळती बैठक असते, तर काही जुन्या पद्धतीच्या रिमना वॉशरसह सरळ दांड्याचे नट लागतात. जुने नट नव्या रिमला लावून पाहू नका. रिम घेतानाच तिचेच नट घ्या.

स्टडच्या व्यासाएवढी लांबी तरी आट्यांत गुंतली पाहिजे. ७/१६ इंची, इंचाला २० आट्यांच्या स्टडवर म्हणजे किमान नऊ पूर्ण फेरे. नट हाताने फिरवत मोजा. नऊच्या आत टेकला तर लांब स्टड घाला. ॲल्युमिनियमची रिम जाड असते, त्यामुळे हा प्रश्न नेहमी येतो.

नट आधी हाताने, मग ताऱ्याच्या आकाराच्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळा. ७/१६ च्या स्टडला ७० ते ८० फूट-पाउंड पुरतात, रिमच्या कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. टायरच्या दुकानात हवेच्या गनने आवळू देऊ नका. नट तुम्हीच आवळणार हे आत शिरतानाच सांगा.

८. पहिली फेरी

कडेच्या आतल्या बाजूला, आतल्या पत्र्यावर आणि पाट्याला समोर येणाऱ्या टायरच्या भिंतीवर खडूचा जाड पट्टा ओढा. टाकी पूर्ण भरा, मागे दोन माणसं बसवा आणि ओळखीच्या रस्त्यावर हळू चालवा: एक स्पीड ब्रेकर तिरका घ्या, एक घट्ट वळण डावीकडे, एक उजवीकडे, आणि रिकाम्या आवारात उलट्या दिशेने वळण. घरी येऊन खडू पुसला गेलाय का पाहा. कुठे घासलं ते खडू अचूक दाखवतो.

५० ते १०० मैलांनंतर सगळे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. नवी रिम बसताना थोडी दबते, त्यामुळे एखादा नट ढिला मिळणं नेहमीचं आहे.

हवेचा दाब टायरच्या भिंतीवर लिहिलेल्या कमाल आकड्याएवढा ठेवू नका. थंड टायरमध्ये ३० ते ३२ पीएसआयपासून सुरुवात करा. टायरवर आडवी खडूची रेघ ओढून सरळ रस्त्यावर थोडं चालवा. मधलाच खडू गेला तर हवा जास्त आहे, कडांचा गेला तर कमी.

९. चाकं बसल्यावरची कामं

स्पीडोमीटर: २६ इंचांवरून २७ इंची टायर म्हणजे सुमारे चार टक्के फरक. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६२ च्या वर असेल. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असलेला स्पीडोमीटरचा छोटा प्लास्टिक गिअर बदलून हे दुरुस्त होतं. इंजिनचे फेरेही कमी होतात. ३.३१ च्या मागच्या गिअरवर ताशी ६० मैलांना सुमारे २५६५ वरून २४६५ वर. महामार्गावर आवाज कमी, सिग्नलवरून सुटताना उसळी किंचित कमी.

स्टेपनी: पॉझिट्रॅक्शन असलेल्या गाडीत मागे दोन वेगळ्या व्यासांची चाकं लावून लांब जाऊ नका. आतले क्लच सतत घसरत राहतात आणि झिजतात. पंक्चर मागे झालं तर पुढचं चाक मागे आणि जुनी स्टेपनी पुढे, हा उपायही मापं वेगळी असली की चालत नाही. टोइंगची सोय असलेला विमा घ्या.

विमा: जुन्या गाड्यांच्या ठरलेल्या किमतीच्या पॉलिसीत बदल कळवावे लागतात. बिलं आणि फोटो पाठवून लेखी पोच घ्या. मिशिगनमध्ये वार्षिक सुरक्षा तपासणी नाही, पण पेन्सिल्वेनियासारख्या राज्यांत आहे, आणि मडगार्डबाहेर आलेल्या टायरबद्दल अनेक राज्यांत नियम आहेत. आपल्या राज्याचा नियम रिम मागवण्याआधी वाचा.

आस: मूळच्या १० किंवा १२ बोल्टच्या आसात चाकाची दांडी डिफरन्शियलमध्ये एका सी आकाराच्या क्लिपने अडकवलेली असते. दांडी तुटली तर चाक दांडीसकट बाहेर येऊ शकतं. साध्या टायरवर रस्त्यावर चालवताना याची काळजी कमी, पण ड्रॅग रेडियलसारखे (सरळ रेषेतल्या शर्यतीसाठीचे) चिकट टायर लावणार असाल तर आधी आसावर खर्च करा, टायरवर नंतर.

गाडी कमॅरो नसेल तर

पद्धत तीच, फक्त काही फरक ठाऊक हवेत. १९६५-६६ च्या सहा सिलिंडरच्या मस्टँगला चारच स्टड असतात, व्ही-८ ला पाच, ५ × ४.५ इंच. डॉज डार्ट आणि प्लिमथ व्हॅलियंट या लहान गाड्यांना त्या काळात ५ × ४ इंच हा छोटा पॅटर्न होता, त्यात रुंद रिमचे पर्याय फारच कमी मिळतात. आणि १९७० पर्यंतच्या क्रायस्लरच्या बहुतेक गाड्यांत, चार्जर आणि रोड रनरसकट, डाव्या बाजूच्या स्टडचे आटे उलटे असतात. नट सुटत नाही म्हणून लांब पाइप लावून जोर करण्याआधी स्टडच्या टोकावर इंग्रजी एल ठोकलेला आहे का पाहा. असेल तर नट उजवीकडे फिरवल्यावर सुटतो, आणि नव्या रिमबरोबर त्या बाजूसाठी उलट्या आट्यांचे नट वेगळे मागवावे लागतात.